कार्डात न बसणारा आजार



आपल्या बोरगाव भागात आजार दोन प्रकारचे मानले जातात. एक सांगण्याचे आणि दुसरे झाकण्याचे. गुडघा दुखतो, साखर वाढली, हे आपण पारावर बसून सांगतो. पण घरात कोणी सतत उदास आहे किंवा दारूच्या आहारी गेला आहे, ही गोष्ट उंबऱ्याच्या आतच राहते. सरकारी आरोग्य योजनाही बऱ्याच अंशी असाच भेद करीत आल्या आहेत. त्याविषयी घरचाच अनुभव सांगतो.

माझे धाकटे चुलते निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वखारीतले काम कमी होत गेले तशी त्यांची दारू वाढत गेली. २०१८ च्या दिवाळीनंतर कावीळ होऊन त्यांच्या पोटात पाणी झाले. एका मोठ्या रुग्णालयात दाखल केले. सरकारी आरोग्य कार्ड होते, त्यामुळे बिलाचा भार पडला नाही. मात्र दारू कशी सोडायची, याबद्दल तेथे कोणी अवाक्षर काढले नाही. चार महिन्यांनी पुन्हा तेच रुग्णालय आणि तेच कार्ड! सरकारचा पैसा दोनदा यकृतावर खर्च झाला. ज्या व्यसनाने यकृत बिघडले, त्यावर एक रुपयाही नाही.

मग एका दवाखान्यात त्यांना समुपदेशनाला बसवले. समुपदेशक कन्नड बोलणारे, माणूस सज्जन. पण अण्णांचे कन्नड बाजारापुरते. मनातले बोलायला ते पुरेना. मान हलवून ते परत आले. शेवटी काकींनी पाटल्या गहाण ठेवल्या आणि त्यांना महाराष्ट्रातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेले. तेथे पाच आठवडे रोज मराठीत बोलणे झाले, काकींनाही बोलावून समजावले. तेव्हापासून अण्णांनी दारूला हात लावलेला नाही. पण त्या वर्षभरात नववीतला चुलतभाऊ कित्येक दिवस शाळेऐवजी काकींबरोबर विड्या वळायला बसला, याचा हिशेब कोणत्या बिलात लिहायचा?

व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतो, हे मराठी समाजाला नवीन नाही. १९८६ साली डॉ. सुनंदा (अनिता) व अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले, त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली. रुग्णाइतकेच त्याच्या पत्नीलाही आधार द्यावा लागतो, हे त्या केंद्राने दाखवून दिले. कर्नाटकही मागे नव्हते. तालुक्याच्या पातळीवर मानसिक आजाराचे उपचार देण्याचा प्रयोग बंगळूरच्या निमहान्स संस्थेने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात केला. त्याच धर्तीवर १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१४ साली आपल्या राज्यात ‘मनोचैतन्य’ कार्यक्रम आला. ठराविक मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञाने तालुका रुग्णालयात यावे, अशी ती योजना.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्यात मानसिक आजारातच धरले आहेत. विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच विमा द्यावा, दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला, त्याच्याजवळ कार्ड नसले तरी, सरकारी उपचार मोफत मिळावेत आणि रुग्णाला त्याच्या हक्कांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत द्यावी, असे हा कायदा सांगतो.

तरीही दरी मोठी आहे. निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या व्यसनाने ग्रस्त असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८६ जणांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. तंबाखूच्या बाबतीत हा आकडा जवळजवळ ९२ आहे. तंबाखूवर पोसलेल्या आपल्या भागाने तो ध्यानात ठेवावा.

माझ्या मते अडचण येथे आहे. आरोग्य कार्ड मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर चालते. मनाचा आणि व्यसनाचा आजार मात्र खाटेवर थोडा आणि घरी जास्त बरा होतो. त्याला दरमहा गोळ्या लागतात, पुन्हा पुन्हा भेटी लागतात, एसटीचे भाडे लागते, बुडालेली मजुरी सोसावी लागते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला रुग्णाची भाषा फारशी आड येत नाही, मनाच्या उपचारात मात्र बोलणे हेच निम्मे औषध असते. म्हणून नियमित तपासणी, औषधे आणि समुपदेशन कार्डात यावे, तालुका रुग्णालयात ते ठरल्या दिवशी खात्रीने मिळावे आणि सीमाभागात मराठी जाणणारा समुपदेशक असावा.

हे सरकारने करायचे आहे, पण मागणी आपणच करायची आहे. विश्वस्त मंडळाने पालकसभेत हा विषय घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन द्यावे, ही नम्र विनंती. पालकांनी घरातला असा आजार लपवू नये. आणि विद्यार्थी मित्रांनो, १४४१६ हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि मानस’ या सरकारी सेवेचा हा मोफत दूरध्वनी आहे. तेथे मराठीतही बोलता येते. घरात कोणी पीत असेल, तर तो तुमचा दोष नाही. वर्गशिक्षकांना सांगा.