न्हाणीतलं पाणी

आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळही फेकून देऊ नये, ही इंग्रजी म्हण आता मराठी अग्रलेखांतही भेटते. तिचा अर्थ मला कळतो, चित्र पटत नाही. आमच्याकडे आजी न्हाणीत पाय लांब करून बसायची. तान्हं तिच्या नडग्यांवर पालथं. डाळीचं पीठ, ऊन पाणी आणि बाळाचा टाहो. पाणी मोरीतून परसात जायचं, बाळ आजीच्या पायांवरच. ते वाहून जाणार कसं?

चित्र जर्मन आहे. थॉमस मुर्नर या संन्याशाच्या १५१२ सालच्या उपहासग्रंथात मूर्खांच्या नाना तऱ्हा आहेत. त्यातल्या लाकडी ठशाच्या एका चित्रात एक बाई पोरासकट टब उपडा करते. (सगळं घर एकाच पाण्यात आंघोळ करायचं, शेवटी बाळाची पाळी येईतो ते इतकं काळं व्हायचं की बाळ दिसेना, ही कथा म्हणजे ईमेलवरून पसरलेली थाप.)

केप्लरनं १६१० मध्ये हीच म्हण वापरली. फलज्योतिषातला भोंदूपणा टाका, पण पोर टाकू नका, असं त्यानं विद्वानांना बजावलं. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्याला तिथं बाळ दिसत होतं. आजचं खगोलशास्त्र त्याला पाणीच म्हणतं.

इंग्रजीत ती थॉमस कार्लाइलनं १८४९ मध्ये आणली, तीही गुलामगिरीवरच्या लेखात. ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामगिरीविरुद्धचा कायदा १८३३ सालीच झाला होता. कार्लाइल म्हणतो, अत्याचार ओतून द्या, पण आतली मोलाची गोष्ट राखा. ती कोणती? चाकर मालकाला जन्मभर बांधलेला असणं! हे वाचल्यापासून कुणी ही म्हण काढली की मी आधी टबात डोकावतो. घरातल्या एका लग्नाच्या बैठकीत मानपान बंद करू म्हटल्यावर एका काकांनी ती ऐकवली. त्यांचं बाळ म्हणजे त्यांना मिळणारा फेटा निघाला.

आपल्याकडे सुक्याबरोबर ओलंही जळतं. तिथं दोष आगीचा. इथं मात्र टब उपडा करणारा हात असतो, आणि बाळ कोणतं हेही तोच हात ठरवतो.

आजी तर पाणीही फेकत नसे. बाळाला साबण लावू द्यायची नाही, कारण मोरीचं पाणी अळूला जायचं. श्रावणात त्याच अळूचं फदफदं पानात पडायचं.