राणी छाप

लक्ष्मीपूजनाच्या तबकात आजही काही घरांत राणी छाप रुपया निघतो. वर्षभर फडक्यात गुंडाळलेला तो रुपया त्या संध्याकाळी दुधापाण्याने न्हातो, हळदकुंकू लावून घेतो आणि पुन्हा कपाटात जातो. तळहातावर घेतला की त्याचा भार जाणवतो. ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. एके काळी सराफाच्या तराजूत वजन म्हणून हाच रुपया बसायचा.

मला तो आवडतो तो त्याच्या अंगावरच्या काळामुळे. १८४०च्या रुपयावर व्हिक्टोरिया उघड्या डोक्याची, १८६२मध्ये मुकुट घातलेली, १८७७पासून सम्राज्ञी. १९११च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी त्याची सोंड नीट करावी लागली. मग पहिलं महायुद्ध. चांदी इतकी आटली की १९१७ साली सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. पण लोकांना हवा होता खणखणीत रुपया. तेव्हा १९१८च्या कायद्याने अमेरिकेने आपल्या तिजोरीतले पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटिशांना विकली. आजीच्या डब्यातल्या त्या सालच्या रुपयात अमेरिकेचा डॉलर मुरलेला असू शकतो, या विचाराने मी आजही हरखतो. १९४०मध्ये चांदी निम्म्यावर आली. १९४७चा रुपया निकेलचा.

आता धनत्रयोदशीला ९९९ शिक्क्याची, पाकीटबंद नाणी मिळतात. बचत म्हणून ती चांगलीच. फक्त घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी आधी विचारून घ्यावा, आणि बँका सोन्याचं नाणं विकतात पण परत घेत नाहीत हेही ध्यानात ठेवावं.

जुना रुपया घेताना मात्र डोळे उघडे हवेत. नकली माल उदंड आहे; १९३९चा रुपया दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकला विशेष. वजन करावं, लोहचुंबक लावून बघावा, टिचकी मारून नाद ऐकावा. नेहमीच्या सालांना चांदीच्या भावाहून फार जास्त देऊ नये. हारात ओवण्यासाठी कडी डाकलेला रुपया संग्राहक बाजूला सारतात. मला तो पटकन उचलावासा वाटतो. कुणा बंजारा बाईच्या गळ्यात तो उन्हापावसात फिरलेला असतो, आणि तिची सगळी पुंजी तिच्या अंगावरच असायची.

तुमच्या घरी असा रुपया असेल तर त्याला चिंच किंवा पावडर लावून घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. आणि चांदीचा भाव चढला म्हणून तो आटवायला देऊ नका. विकायचाच असेल तर आधी साल वाचा, वजन करा, नाण्यांच्या जाणकाराला दाखवा.