आमच्या यानावर निर्दोष कोणी नको

आपल्या शाळेतून वेगवेगळ्या वर्षी बाहेर पडलेले आम्ही पाच जण गेली सात वर्षे एक अंतराळयान चालवीत आहोत. संपादक मंडळाने वसतिगृहाच्या आठवणी मागितल्या होत्या. त्या लिहिण्यास आमच्याहून अधिकारी माणसे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही या यानाविषयी लिहावयाचे ठरविले.

पालकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. हा विज्ञानकथेच्या चौकटीतला ऑनलाइन भूमिकाखेळ आहे. यात पडद्यावर धावणारी चित्रे नाहीत, बंदुका नाहीत, पैसे तर मुळीच नाहीत. प्रत्येक खेळाडू एक पात्र निर्माण करतो आणि त्या पात्राच्या वतीने एक परिच्छेद लिहितो. दुसरा आपल्या पात्राच्या वतीने पुढचा परिच्छेद जोडतो. दुसऱ्याच्या पात्राचे हातपाय आपण हलवावयाचे नाहीत, हा मुख्य नियम. यानात आग लागली असे सूत्रधाराने लिहिले की कोण पाणी आणतो, कोण पळतो आणि कोण दुसऱ्याकडे बोट दाखवितो, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. आम्ही पाच जण सूत्रधार आहोत. खेळणाऱ्यांत आपल्या शाळेचे लहान-मोठे विद्यार्थी आहेत, तसेच आम्ही कधीही न पाहिलेले बाहेरचे मराठी भाषकही आहेत.

या खेळाची परंपरा फार जुनी नव्हे, पण अगदी कालचीही नव्हे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये निघाला. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांना एकाच वेळी संगणकावर खेळता येईल असे शब्दांचे जग उभे केले. आम्हांस अधिक जवळचा वाटतो तो मार्क मिलर यांचा 1977 चा ‘ट्रॅव्हलर’. त्यात पात्र अठराव्या वर्षी नौदलात, सैन्यात किंवा व्यापारी ताफ्यात भरती होते आणि चार-चार वर्षांच्या नोकऱ्या करीत पुढे जाते. प्रत्येक टप्प्यावर फासे पडतात. दान उलटे पडले तर खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्र मरते! चौतिसाव्या वर्षापासून अंगातले बळ ओसरू लागते. व्यापाऱ्यास यान मिळालेच तर त्यावर चाळीस वर्षांच्या मासिक हप्त्यांचे कर्ज असते. घराचे हप्ते फेडणाऱ्या पालकांना हे अंतराळ फारसे परके वाटू नये. या पद्धतीने खेळाडूच्या हाती येतो तो थकलेला, काहीतरी गमावलेला प्रौढ माणूस, आणि खरी कथा तेथून सुरू होते.

आमच्याकडे येणारे प्रवेशअर्ज मात्र असे नसतात. अर्जात नाव, वय, यानावरील काम, गुण आणि दोष एवढे रकाने आहेत. गुणांचा रकाना ओसंडून वाहतो. वय एकोणीस, पदवी दोन विषयांत, भाषा अकरा, नेमबाजीत अचूक, शस्त्रक्रियेत निष्णात, शिवाय दिसावयास देखणे. हा प्रकार जगभर इतका आहे की त्यास स्वतंत्र नावच पडले आहे. 1973 मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या एका छोट्या अंकात लेफ्टनंट मेरी सू नावाच्या साडेपंधरा वर्षांच्या अधिकारी मुलीची विडंबनकथा लिहिली. ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी, सर्वांची लाडकी, सर्वांना वाचविणारी. तेव्हापासून अशा पात्रास मेरी सू म्हणतात. तिच्याशी संवाद करता येत नाही, कारण तिला कोणाची गरजच नसते. आगीच्या प्रसंगी ती एकटी आग विझविते आणि उरलेले आठ खेळाडू टाळ्या वाजविण्यापुरते उरतात.

हे नवशिक्यांपुरतेच आहे असेही नव्हे. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांनी 1987 साली सुरू झालेल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ मालिकेत यानावरील सहकाऱ्यांमध्ये आपसांत क्षुद्र भांडणे असू नयेत असा आग्रह धरला आणि तिच्या लेखकांना तो जाचक वाटला. 1990 मध्ये त्याच मालिकेत रेजिनाल्ड बार्कले नावाचा अभियंता आला. चारचौघांत बोलताना अडखळणारा, वेळेवर न येणारा, आणि काल्पनिक दृश्ये उभी करणाऱ्या दालनात जाऊन सहकाऱ्यांच्या प्रतिमांवर हुकूम गाजविणारा. म्हणजे भूमिकाखेळात दडी मारणारे पात्रच! आम्हांस त्या यानावरचा हाच मनुष्य अधिक आठवतो.

परंतु आपल्या शाळेतल्या मुलांच्या अर्जांविषयी आम्ही वेगळे बोलू इच्छितो. त्यांचे निर्दोष पात्र आणि इतरांचे निर्दोष पात्र वरवर सारखे दिसते, पण त्यांचे मूळ निराळे आहे. आपल्या घरांतून मुले या वसतिगृहात येतात तेव्हा ट्रंकेबरोबर एक सूचनाही येते: तुझ्याकडून चूक झाली तर ती तुझ्या एकट्याची राहणार नाही. इतरांचा मुलगा चुकला तर त्याचे नाव जाते. आपला चुकला तर समाजाचे नाव घेतले जाते. ही सूचना खोटी नव्हती. बाहेरच्या जगात, भाड्याची खोली शोधताना, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही सर्वांनी तिचा प्रत्यय घेतला आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा ‘वर्तणूक’ हा रकाना आपल्यासाठी आयुष्यभर उघडाच राहतो. अशा मुलास अर्जात ‘दोष’ हा शब्द दिसला की तो सावध होतो. तो लिहितो: ‘अति मेहनत करतो.’ ‘फार प्रामाणिक आहे.’ ‘कोणालाही नाही म्हणता येत नाही.’ नोकरीच्या मुलाखतीत सांगावयाचे दोष!

असे अर्ज आम्ही परत पाठवितो. सोबत एकच प्रश्न जोडतो: या दोषाची किंमत यानावर दुसऱ्या कोणास मोजावी लागेल काय? मोजावी लागत नसेल तर तो दोष नव्हे, दागिना आहे. लहानपणी आईवडील हल्ल्यात गेले, हे दुःख आहे, दोष नव्हे. त्या दुःखामुळे हा माणूस संकटात कोणावरच विश्वास टाकत नाही आणि म्हणून दरवाजा वेळेवर उघडत नाही, असे लिहिले तर तेथे पात्र जन्मास येते.

आमचा दुसरा नियम अधिक कडक आहे. विज्ञानकथेच्या खेळांत परग्रहावरील जमातींचे तयार स्वभाव असतात: क्लिंगॉन म्हणजे लढवय्ये, फेरेंगी म्हणजे लोभी, व्हल्कन म्हणजे तर्कनिष्ठ. जमात सांगितली की स्वभाव सांगून झाला. हजारो प्रकाशवर्षे दूर जाऊनही माणसाने जन्मावरून स्वभाव ठरविण्याची सोय बरोबर नेली, हे पाहून हसावे की रडावे ते कळत नाही. आमच्या यानावर कोणताही दोष जमातीतून येऊ शकत नाही. लोभी पात्र हवे असेल तर ते एकटे लोभी असेल आणि त्याचे कारण त्याच्या आयुष्यात सापडेल.

स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गुर्प्स’ या 1986 च्या खेळात पात्रास उणिवा घेतल्याबद्दल गुण परत मिळतात आणि त्या गुणांतून नवी कौशल्ये विकत घेता येतात. कल्पना चतुर आहे. पण त्या उणिवांच्या यादीत लोभ आणि उतावीळपणा यांच्या बरोबरीने आंधळेपणा, गरिबी आणि समाजातले हीन मानलेले स्थानही आहे. खेळाच्या दृष्टीने या सर्व अडचणीच होत, हे आम्ही समजतो. कर्त्याचा त्यात काही वाईट हेतू नाही. तरी आपल्या मुलांनी भरावयाच्या अर्जात ही सरमिसळ आम्ही चालू देत नाही. तोतरेपणा, दारिद्र्य, जन्म हे ‘परिस्थिती’ या रकान्यात जाते. चुल्लपंथकास चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही, यात त्याचा दोष कोणता? त्या कथेत दोष शोधावयाचाच तर तो त्यास विहाराबाहेर काढणाऱ्या थोरल्या भावाच्या उतावीळपणात शोधावा. भन्तेजी कदाचित याहून वेगळे सांगतील.

तीन वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने यानाची भांडारपाल निर्माण केली. तिचा जन्म पाणी मापून मिळणाऱ्या एका चंद्रवसाहतीतला. पहिल्या अर्जात ती शिस्तप्रिय आणि काटकसरी होती. आमच्या प्रश्नानंतर महिनाभर काही उत्तर आले नाही. नंतर आलेल्या अर्जात दोषाच्या रकान्यात दोनच वाक्ये होती: ती वस्तू लपविते. आपण लपविलेल्या नाहीत असे ती स्वतःलाही सांगते.

खेळात तिने हवा शुद्ध करणाऱ्या गाळण्या लपविल्या. चोरून विकण्यासाठी नव्हे, केवळ आपल्या खोलीत त्या आहेत या धीरासाठी. नोंदवहीत आकडे जुळत होते. आम्ही सूत्रधारांनी आग लावली तेव्हा ते जुळेनात. ती खोटे बोलली. प्रथम अधिकाऱ्यांशी, मग तिला ताई म्हणणाऱ्या शिकाऊ तंत्रज्ञाशी. यानास मोहीम सोडून मागे फिरावे लागले. सहा आठवडे एकही खेळाडू गैरहजर राहिला नाही. एरवी दोन ओळी लिहिणाऱ्यांनी पानेच्या पाने लिहिली. कोणी तिला बोल लावला, कोणी आपल्या वाट्याचे पाणी तिच्या दाराशी ठेवले. निर्दोष नायिकेने यातले काहीही घडवून आणले नसते.

यावर एका पालकांनी आम्हांस फोन केला. त्यांचे म्हणणे आम्ही जसेच्या तसे मांडतो, कारण ते विचार करण्यासारखे आहे. ते म्हणाले, “बाळांनो, चोर आणि लबाड ही विशेषणे लोक आपल्याला न मागता देत आले. आता आपल्या लेकींनी ती स्वतःच्या हाताने कशाला लिहावीत? सकाळी पंचशील म्हणायचे आणि रात्री खोटे बोलणारी बाई रंगवायची?”

आम्ही त्यांना उलट उत्तर दिले नाही. ते वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. येथे मात्र दोन गोष्टी नोंदवितो. पहिली अशी, की दुसऱ्याने आपल्या कपाळावर लिहिलेला दोष आणि आपण आतून जाणून लिहिलेला दोष यांत मालकीचे अंतर आहे. पहिल्यात माणसास कारण नसते, भूतकाळ नसतो, पश्चात्तापाची मुभा नसते. भांडारपालास हे सर्व आहे. शिवाय या खेळात कोणी कोणास आडनाव विचारीत नाही. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि ती पहिली आली; नावाचे वजन टाळण्यासाठी एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञास ती युक्ती करावी लागली. आपल्या मुलांच्या बाबतीत नावाचे वजन उलट्या दिशेने पडते. टोपणनावाखाली त्यांचे पात्र चुकले तर ते फक्त पात्र चुकते. असे चुकणे त्यांना दुसरीकडे कोठे मिळते?

दुसरी गोष्ट आपल्याच परंपरेतली. जातककथांत बोधिसत्त्व काही जन्मांत दरोडेखोरही झाला आहे. त्या कथा रचणाऱ्यांना आणि जपणाऱ्यांना यात संकोच वाटला नाही. अर्थात हरितच जातकात असेही म्हटले आहे की बोधिसत्त्वाकडून इतर शील क्वचित मोडेल, पण तो खोटे बोलणार नाही. हे वाक्य आम्ही त्या विद्यार्थिनीस दाखविले. ती म्हणाली, “दादा, माझी भांडारपाल बोधिसत्त्व नाही.” यावर बोलण्यासारखे आमच्याकडे काही उरले नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात अंगुलिमालाच्या धम्मदीक्षेस स्थान दिले आहे. वसतिगृहात ती कथा ऐकताना मुलांना तलवार आणि बोटांची माळ आठवते. आम्हांस आता त्या कथेचा सुत्तातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. भिक्खू झाल्यावर, अर्हत झाल्यावरही अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेस गेला तेव्हा त्यास ढेकळे लागली, काठ्या लागल्या, दगड लागले. डोके फुटलेले, भिक्षापात्र मोडलेले, चीवर फाटलेले, असा तो परत आला. भगवंतांनी ते सहन करण्यास सांगितले. बदललेल्या माणसाचा भूतकाळ पुसला गेला असे त्या कथेने केले नाही, आणि भूतकाळ आहे म्हणून माणूस बदललाच नाही असेही केले नाही. पात्र कसे लिहावे हे शिकविणाऱ्या ज्या इंग्रजी पुस्तिका आम्ही वाचल्या, त्यांत या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितलेल्या आम्हांस आढळल्या नाहीत.

सध्या यान एका तळावर थांबले आहे. भांडारपालाची सुनावणी चालू आहे आणि यानावरील नऊ जणांनी तिला ठेवावयाचे की उतरवावयाचे ते ठरवावयाचे आहे. चार मते तिच्या बाजूने आहेत, चार विरुद्ध. नववे मत त्या शिकाऊ तंत्रज्ञाचे. तो लिहिणारा मुलगा आपल्याच शाळेत यंदा दहावीत आहे, आणि परीक्षा संपेपर्यंत त्याने लिहू नये असे आम्ही सर्वांनी त्यास बजावले आहे. भांडारपाल लिहिणाऱ्या ताईंनीही थांबण्यास संमती दिली आहे. तोवर किल्ल्या कोणाकडे द्याव्यात, यावर मात्र रोज रात्री वाद होतो.