सही जुळत नाही

आमच्या सौभाग्यवतींचा धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. असतो म्हणजे तिथे नोकरी करतो, हप्त्याने घर घेतो आणि दर रविवारी सकाळी आम्ही पोह्यांवर लिंबू पिळत असताना फोन करून तिकडे आत्ता किती वाजले आहेत ते सांगतो. २०१६ सालच्या एका रविवारी तो म्हणाला, "भाऊजी, सध्या आमच्याकडे प्रायमरीची भयंकर गडबड चालू आहे."

"अरे वा! म्हणजे पोरगा शाळेत जायला लागला म्हणायचा!" मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. तेवढ्यात सौभाग्यवतींनी माझ्या हातून फोन काढून घेतला आणि आपल्या भावाला इंग्रजीत काहीतरी समजावले. ते माझ्याविषयी असावे.

पुढच्या रविवारी मेव्हण्याने मला प्रायमरीचा धडा दिला. अमेरिकेत पक्षाने अध्यक्षपदासाठी कोणाला उभे करायचे हे म्हणे पक्षाचे मतदारच आधी मतदान करून ठरवतात. त्या वर्षी एकट्या रिपब्लिकन पक्षात सतरा जण गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. मेव्हण्याचे घर डेमोक्रॅटिक पक्षाचे. पण मेव्हणा सँडर्स यांच्या बाजूचा आणि त्याची बायको हिलरी क्लिंटन यांच्या. नोव्हेंबरात दोघांनाही एकाच उमेदवाराला मत द्यायचे होते. तरी जूनमधली न्यू जर्सीची प्रायमरी होईपर्यंत दोघे निरनिराळ्या खोल्यांत जेवत होते. आयोवा राज्यात तर त्या पक्षाचे लोक तेव्हा संध्याकाळी एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत. ज्या कोपऱ्यात माणसे फारच थोडी, तिथल्यांना बाकीच्या कोपऱ्यांतले येऊन गोडीगुलाबीने आपल्याकडे ओढत.

हे ऐकून मला आमच्या एस.टी. स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलाची आठवण झाली.

मी अजिंठ्याच्या बँकेत क्लार्क आहे. अजिंठ्याला असतो म्हटले की लोकांना वाटते, मी रोज दुपारचा डबा पद्मपाणीसमोर बसून खातो. वास्तविक लेणी गावात नाहीतच. ती घाट उतरून दहाबारा किलोमीटरवर, फर्दापूरजवळ. गावात आहे ती जुनी तटबंदी, वेशी, बाजार आणि राजकारण. नाव वाचून चुकून उतरलेला एखादा प्रवासी या हॉटेलात येतो, "केव्हज् कुठे?" म्हणून विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला मतदारसंघाची सगळी परिस्थिती कळते. तीही सरळ नाही. आमचा तालुका सिल्लोड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर आणि लोकसभेचा मतदारसंघ जालना. म्हणजे सातबारा एका जिल्ह्यात नि खासदार दुसऱ्या!

आपल्याकडे प्रायमरी नाही असे मात्र कोणी समजू नये. २०१४ च्या लोकसभेच्या वेळी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग करून पाहिला. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा इथे कार्यकर्त्यांनी मते देऊन उमेदवार निवडला. पुढे दोन्ही जागा भाजपने जिंकल्या आणि प्रयोगावर पडदा पडला. तेव्हापासून तिकीट पूर्वीप्रमाणे मुंबई-दिल्लीत ठरते आणि प्रायमरी चहाच्या हॉटेलात होते. फरक इतकाच की अमेरिकेत प्रायमरी आधी नि तिकीट मागाहून. आमच्याकडे तिकीट आधी वाटले जाते आणि प्रायमरी त्यानंतर सुरू होते.

मी कॉमर्सचा पदवीधर. जमा-नावे मांडल्याशिवाय मला काही समजत नाही. म्हणून आमच्या मतदारसंघाची खतावणी मांडून दाखवतो. अब्दुल सत्तार २००९ आणि २०१४ साली काँग्रेसच्या पंजावर निवडून आले. २०१४ साली त्यांच्यासमोर कमळावर सुरेश बनकर उभे होते. २०१९ साली सत्तार धनुष्यबाणावर निवडून आले, आणि तेव्हा कमळ-धनुष्यबाणाची युती होती. २०२२ साली शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिला. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे मशाल राहिली. २०२४ च्या विधानसभेला सत्तार धनुष्यबाणावर, आणि समोर पुन्हा बनकरच, पण कमळ ठेवून मशाल हाती घेतलेले.

बँकेत याला खाते बदली करणे म्हणतात. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत खाते नेले तरी खातेदाराचे काही बिघडत नाही. पंचाईत होते ती जुन्या शाखेचे चेक खिशात घेऊन फिरणाऱ्यांची.

असे दोन चेकवाले माझ्या काउंटरवर नेहमी येतात. एक गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. पेन्शन जमा झाली की पहिला नंबर त्यांचा. दुसरे मामा. ते कोणाचे मामा हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून ते सगळ्या गावाचे मामा. मका आणि कपाशी करतात. दोघेही मिसरूड फुटल्यापासून कमळाचे. गुरुजींची लेक मामांच्या घरी दिलेली, त्यामुळे दोघे व्याही. इकडच्या भाषेत इवाई. माहेर नि सासर यांत दोन गल्ल्यांचे अंतर. शिवाय दत्तजयंतीच्या सप्ताहाचे आमच्याकडे खाते आहे. त्याचे गुरुजी अध्यक्ष नि मामा खजिनदार. व्यवहार दोघांच्या सहीने. इतकी वर्षे संध्याकाळी हॉटेलात बसून हे दोघे एक चहा दोघांत घेत. हॉटेलवाल्याने त्यांच्यापुरती दुसरी बशी वेगळी काढून ठेवली होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकिटे जाहीर झाली आणि ती बशी रिकामी राहिली.

"युतीचा धर्म म्हणजे धर्म," गुरुजी म्हणाले. "वरून निरोप आला की आपण बाण दाबायचा."

"वा गुरुजी!" मामा म्हणाले. "ज्याच्या इरोधात आपुन भिताडं रंगवली, त्यालाच मत टाकायचं? आन् आपला मानूस मशाल घिऊन उभा ऱ्हायला तर त्याला पाठ दाखवायची? मी मानूस वळखतो, चित्र न्हाई."

"उद्या तुमचा माणूस आणखी कुठे गेला तर?"

"उद्या तुमचा पक्ष आनखी कुनासंगं गेला तर?"

दोन्ही प्रश्न बिनतोड होते. म्हणूनच कोणी कोणाला उत्तर दिले नाही. दोघे उठले आणि दोन वाटांनी गेले. दुसऱ्या दिवसापासून दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसून आख्खा चहा मागवू लागले आणि अर्धा टाकून जाऊ लागले. या निवडणुकीत निश्चित फायदा झाला असेल तर तो हॉटेलवाल्याचा.

आता पाहा, हॉटेलात पंजावाले होते, घड्याळवाले होते, तुतारीवाले होते. त्यांच्याशी गुरुजी आणि मामा जन्मभर वाद घालत आले. पण कधी चहा टाकून उठले नाहीत. कारण विरोधी पक्षाचा माणूस चुकणारच, हे आपण धरूनच चालतो. तो चुकला नाही तर उलट आपल्याला चुकल्यासारखे होते. पण आपल्याच बाकावरचा माणूस वेगळे बोलला की तो नुसता चुकत नाही, तो उलटतो. परक्याचा राग दुपारपर्यंत टिकतो. घरच्याचा राग मात्र मुदत ठेवीसारखा असतो, दर तिमाहीला त्यावर व्याज चढते.

निवडणूक संपली की सगळे ठीक होईल असे मला वाटले होते. २० नोव्हेंबरला मतदान झाले, २३ ला निकाल लागला. सत्तार २,४२० मतांनी निवडून आले. बाण जिंकला म्हणून गुरुजींनी पेढे घ्यायला हवे होते; पण ते पासबुक भरून मुकाट्याने गेले. तासाभराने मामा आले आणि काउंटरवर वाकून म्हणाले, "सायेब, हिशेब करा. चोवीसशे इसाचं निम्मं किती?"

"बाराशे दहा."

"म्हंजे बाराशे अकरा मानसं फिरली असती तर मशाल लागली असती."

हिशेब बरोबर होता. मी दोनदा करून पाहिला.

"त्यातले बाराशे धा गेले असतील कुठं बी," मामा म्हणाले. "पर वरचा एक कोन, ते मला ठाव हाये."

राज्याचा निकाल एका माणसाच्या डोक्यावर असा ठेवलेला मी प्रथमच पाहिला. आणि तो माणूस नातवाचा आजोबा होता.

खरी अडचण पुढेच होती. दत्तजयंती १४ डिसेंबरला. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची, कीर्तनकारांच्या बिदागीची तजवीज करायची, आणि चेकवर सह्या दोन हव्यात. गुरुजी येत आणि विचारत, "ते आले होते का?" मामा येत आणि विचारत, "त्ये येऊन गेले का?" दोघांची सही एकाच वेळी झाली पाहिजे असा नियम नाही, हे मी दोघांना समजावले. पण चेकबुक मामांकडे, आणि चेक गुरुजींकडे नेऊन देणार कोण? आगाऊ रक्कम नाही म्हणून मंडपवाल्याने दुसऱ्या गावची सुपारी घेतो असे बजावले. गावात कुजबुज सुरू झाली की यंदा सप्ताह व्हायचा नाही.

त्या दिवसांत हॉटेलात एक म्हातारे बाबा येऊन बसत. जन्म सगळा लेण्यांवर गाइडचे काम करण्यात गेलेला. एकदा ते कोणालाच न उद्देशून म्हणाले, "कोसंबीच्या भिक्खूंचं असंच झालं होतं." आणि गोष्ट सांगू लागले. एका भिक्खूने शौचानंतर भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले. दुसरा म्हणाला, हा दोष. पहिल्याने ते मान्यही केले होते. पण बोलणे शिष्यांपर्यंत गेले आणि एवढ्याशा पाण्यावरून सबंध संघाचे दोन तट पडले. बुद्धाने समजावले, कोणी ऐकेना. तेव्हा तो सगळ्यांना सोडून पारिलेय्यकाच्या रानात जाऊन राहिला. तिथे एक हत्ती त्याची सेवा करीत असे.

"मग मिटलं कसं?" कोणीतरी विचारले.

"गावकऱ्यांनी भिक्षा बंद केली," बाबा म्हणाले. "दारात आले तर नमस्कारसुद्धा नाही. पोटात काही पडेना, तेव्हा गेले बुद्धाकडे माफी मागायला."

गुरुजी आणि मामा आपापल्या बाकावर चहा अर्धा टाकून उठले. गोष्ट कोणाला लागली असे काही दिसले नाही. बाबांनीही दोन्ही अर्ध्या कपांकडे पाहिले आणि आपला चहा संपवला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मामांची सून, म्हणजे गुरुजींची लेक, बँकेत आली. ती एका बचत गटाची सचिव आहे. गटाचा भरणा करून झाल्यावर तिने विचारले, "सप्ताहाचे पैसे निघाले का हो साहेब?"

"सही झाली नाही," मी म्हणालो.

"यंदा भाऊबीजेला मी माहेरी गेले नाही," ती म्हणाली. "दादा दारात येऊन उभा होता. मामंजी 'जा' म्हणाले नाहीत आणि माझे वडील 'ये' म्हणाले नाहीत. पोराने विचारलं, आजोबांच्या घरी का जायचं नाही? काय सांगू? कुठलं बटण दाबल्यामुळे, ते सांगू?"

तिने पावती पर्समध्ये ठेवली. "कालपासून आमच्या घरात चहा बंद केलाय. आईलाही निरोप धाडलाय, तिकडेही बंद. हॉटेलवाल्या काकांना आत्ताच सांगून आले."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बँकेचे दार उघडले आणि पुढे कडेवर पोर घेतलेली ती, तिच्यामागे एका बाजूला गुरुजी आणि दुसऱ्या बाजूला मामा असे आत आले. दोघांचे चेहरे चहाविना उतरले होते. मामांनी चेकबुक काउंटरवर ठेवले आणि चेकवर सही केली. मग चेक गुरुजींकडे सरकवला. पण मान भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. गुरुजींनी सही केली. हात थरथरत होता.

मी नमुना सहीशी ताडून पाहिली. आता काय सांगावे! जन्मभर फळ्यावर वळणदार अक्षर काढलेल्या माणसाची सही एका बाजूला कलंडली होती.

"गुरुजी," मी भीतभीत म्हणालो, "सही जुळत नाही."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. ओशाळून चष्मा पुसू लागले.

"सही जुळंना तर जुळंना!" मामा एकदम माझ्यावर डाफरले. "मानूस तर त्योच हाये ना? मी वळखतो त्यांला. इवाई हायेत मपले!"

बँकेच्या नियमात ही ओळख चालत नाही. चेकवर पुन्हा सही घ्यावीच लागली. पण या वेळी मामांनी खुर्ची ओढून गुरुजींना बसवले आणि कोपराखाली चेक धरून ठेवला. सही बरोबर जुळली.

पोराला कडेवरून उतरवून आजोबांच्या मांडीवर ठेवले गेले. कोणत्या आजोबांच्या, ते गर्दीत मला नीट दिसले नाही. थोड्या वेळाने मी पान खायला बाहेर पडलो तेव्हा हॉटेलातली ती वेगळी बशी टेबलावर आलेली होती. आतून आवाज मात्र चढाच होता. गुरुजी म्हणत होते, "पण युतीचा धर्म म्हणजे धर्म!" आणि मामा बशीतला चहा फुंकत म्हणत होते, "तेवढं सोडून बोला."

त्या रविवारी मेव्हण्याचा फोन आला. अमेरिकेतली २०२४ ची निवडणूक नुकतीच होऊन गेलेली. तिकडचे सगळे सांगून झाल्यावर त्याने विचारले, "भाऊजी, आपल्याकडे प्रायमरी नसते, ते एक बरंच म्हणायचं, नाही?"

"असते रे," मी म्हणालो. "आपल्याकडे जन्मभर तीच चालू असते. अजून हायस्कुलात कोणी गेलेला नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. सौभाग्यवतींनी माझ्या हातून फोन काढून घेतला.