दातांचा हिशेब

माझ्या वयात दातांचा प्रश्न निघाला की माणूस मुकाट्याने दवाखान्याची पायरी चढतो. माझा धुळ्याचा भाचा मात्र दातांचा प्रश्न घेऊन थेट जळगावला माझ्याकडे आला. "मामा, ७७ घेऊ की ८२?"

माझ्या तोंडात १९ उरलेत. ७७ म्हणजे आमच्या अख्ख्या आळीचे झाले!

प्रकरण कार्टचे होते. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या गृहस्थांनी गवत कापायच्या यंत्राचे इंजिन लावून पहिली कार्ट बनवली. (गवत कापायचे टाळण्यासाठी पुरुषजात कुठवर जाईल, सांगता येत नाही.) भाच्याने तिघा मित्रांत मिळून अशीच एक जुनी कार्ट घेतली होती. शर्यत कोल्हापूरला होती आणि त्याचा वाटा ताईच्या भिशीतून गेला होता. उरलेल्या पैशांत मागचे चक्र एकच येणार होते. ते चुकले तर भिशीचा पुढचा नंबर लागेपर्यंत चूक चालवायची, आणि तोवर ताईचे ऐकायचे.

ह्या कार्टला गिअरबॉक्स नसतो. इंजिनावर ११ दातांचे इवलेसे चक्र, मागच्या आसावर परातीएवढे मोठे, मध्ये चेन; झाला संसार. मागचे दात वाढवले की वळणातून गाडी उसळून निघते, पण वेग लवकर आटपतो. कमी केले की सरळ रस्त्यावर सुसाट, वळणातून मात्र म्हशीसारखी उठते. पुढचा एकेक दात तर भलताच महाग. ११ चे १२ करा, की मागे ७७ चे ८४ केल्याशिवाय पूर्वीचे प्रमाण येत नाही. जावयाचा मान वाढला की सासरच्या साऱ्यांना हलावे लागते, तसे.

माझे गणित इथवरच. मग आम्ही एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे तिथला माणूस आकड्यांना दबत नाही. तिथल्या एका गल्लीत एक म्हातारे सायकलवाले बसतात. भाच्याचा हिशेबाचा कागद त्यांनी हात पुसायला घेतला आणि विचारले, "भाऊ, तुले पयनं शे का चढनं शे?"

तुला पळायचे आहे की चढायचे? म्हणजे पुढे जळगाव-धुळे रस्ता आहे की चाळीसगावपुढचा कन्नडचा घाट?

भाचा म्हणाला, "काका, वळणं पुष्कळ आहेत. पण सायकलला मोठं चक्र पुढे असतं, आमच्यात मागे. मग तुमचा हिशेब आम्हाला कसा लागू पडेल?"

म्हातारबुवा हसले. पाय सावकाश फिरतो पण जोर भारी, म्हणून त्याला मोठे चक्र. इंजिन गरगर फिरते पण एका फेऱ्यात जीव नसतो, म्हणून त्याला लहान. बाकी हिशेब एकच. एवढे बोलून त्यांनी एक फ्रीव्हील रॉकेलमध्ये बुडवले. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा उकिडवा बसून ऐकत होता, हे दृश्य ताईला दाखवायला हवे होते.

ट्रॅकवरच्या सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिनाने आपल्या पुऱ्या फेऱ्यांना पोचावे, असा जाणकारांचा नियम. त्याआधी पोचले तर मागचे दात जास्त झाले. पोचलेच नाही तर कमी पडले. नियम सोपा आहे, फक्त तो पाळता आला की नाही हे पैसे खर्च झाल्यावर कळते. भाच्याने ८२ घेतले.

कोल्हापूरला तो सातवा आला. वळणावळणाला त्याने दोघांना मागे टाकले आणि दर फेरीत सरळ पट्ट्यावर तेच दोघे त्याला हात दाखवत पुढे गेले. पट्टा अर्धा राहिलेला असतानाच इंजिन किंचाळायला लागे. आता त्याला ७९ हवे आहे.

रात्री ताईचा फोन आला. "काय रे, तीन दात कमीचं घ्यायचं म्हणतो. मग पैसे परत किती येतील?"

दुकानात विचारून सांगतो, म्हणालो.