दुर्मीळ ते आधी

२००७ सालच्या उन्हाळी सुट्टीत मी लिनक्सची एक सीडी उतरवून घेण्याच्या खटपटीत होतो. फाइल सातशे मेगाबाइटची, घरची जोडणी २५६ केबीपीएसची, आणि रात्री दोन ते सकाळी आठ एवढ्याच वेळातले डाउनलोड मोफत. हिशेबाने एका रात्रीत काम व्हावे. प्रत्यक्षात आकडा सेकंदाला चार किलोबाइटच्या वर सरकत नव्हता. म्हणजे आठ-नऊ रात्री!

बिटटोरेंटमध्ये आपण फाइल घेत असतानाच तिचे तुकडे इतरांना देतही असतो, एवढे मला ठाऊक होते. आपली वाट आधीच अरुंद. तिच्यावर परक्यांचे ओझे कशाला, असा विचार करून मी अपलोडची मर्यादा एक किलोबाइटवर आणून ठेवली. वेग आणखी खाली आला.

सकाळी एक माजी विद्यार्थी घरी आला. मराठीत एम.ए. करून तो एका सायबर कॅफेत नोकरीला लागला होता. पडद्याकडे पाहून तो म्हणाला, "सर, तुम्ही देत नाही, म्हणून तुम्हाला मिळत नाही."

मग त्याने मला समजावून सांगितले. ब्रॅम कोहेनने २००१ साली ही पद्धत आणली, तेव्हाच तिच्यात 'जशास तसे' हा नियम घातला. कोण आपल्याला किती वेगाने देतो आहे, हे यंत्र दर दहा सेकंदांनी तपासते आणि चांगले देणाऱ्या मोजक्यांनाच देत राहते. मात्र अपलोड अगदी मोकळे सोडूनही चालत नाही. मिळालेल्या मजकुराची पोच त्याच वाटेने जाते, ती गर्दीत अडकली की येणारेही खोळंबते. त्याने मर्यादा जाणाऱ्या वाटेच्या सुमारे ऐंशी टक्क्यांवर ठेवली. राउटरमधले एक पोर्टही उघडून दिले. त्याशिवाय बाहेरच्यांना माझ्या यंत्राशी आपणहून संपर्क साधता येत नव्हता. त्या रात्री आकडा वीसच्या पुढे गेला.

जाता जाता त्याने आणखी दोन नियम सांगितले होते. दर तीस सेकंदांनी एखाद्या अनोळखी माणसाला, त्याने काही दिलेले नसतानाही, संधी द्यायची. नव्याने आलेल्याजवळ द्यायला असते काय? आणि दुसरा: जो तुकडा सर्वांत कमी जणांजवळ आहे तो आधी मागवायचा. त्याच्या प्रती वाढल्या नाहीत आणि तो बाळगणारा निघून गेला, तर सगळ्यांचीच फाइल अपुरी राहते.

हे ऐकताना मी अस्वस्थ झालो. एका जुन्या, बंद पडलेल्या नियतकालिकाच्या अंकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा माझ्या कपाटात होता. याच मुलाने प्रबंधिकेसाठी तो मागितला होता. "माझा लेख छापून येऊ दे, मग बघू," असे मी म्हणालो होतो. त्याने ते प्रकरण गाळून प्रबंधिका दिली. माझा लेख तर मी लिहिलाच नव्हता. त्या सकाळी त्याने यातले काहीही बोलून दाखवले नाही.

तो गेल्यावर मी गठ्ठा काढला. खालच्या दोन अंकांना वाळवी लागली होती. ज्या ग्रंथालयातून झेरॉक्स काढल्या, तिथे चौकशी केली, तेव्हा मूळ अंक मधल्या काळात रद्दीत गेल्याचे कळले.

उरलेले अंक घेऊन मी सायबर कॅफेत गेलो. त्याने पाने चाळली, वाळवीने खाल्लेल्या जागी थोडा थांबला आणि म्हणाला, "आहे तेवढं स्कॅन करू, सर."

लिनक्सची फाइल तिसऱ्या पहाटे पूर्ण झाली. त्यानंतरही कितीतरी रात्री मी यंत्र चालू ठेवले. ते दोन अंक मात्र मला अजून कुठेही मिळालेले नाहीत.