सावंतवाडी: आधी राजवाडा, मग तळे

सावंतवाडीचा राजवाडा आणि त्यापुढचा मोती तलाव एकाच फोटोत इतके जुळून येतात की दोन्ही एकाच राजाची करणी वाटावी. प्रत्यक्षात राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला (१७५५ ते १८०३), तर तलाव १८७४ सालचा. इंग्रजांनी संस्थानचा कारभार १८३८ मध्येच ताब्यात घेतला होता आणि १९२४ मध्ये बापूसाहेब महाराजांना अधिकार मिळेपर्यंत तो सोडला नाही. तलाव आणि राजवाड्याचे १८९५ चे लेस्टर गेट हे या मधल्या काळातले आहेत. तेव्हा तळ्याला राजवैभवाची खूण म्हणायचे, तर ते वैभव हुकमत हातची गेल्यावरचे, हेही सांगायला हवे.

दिंडोशी-मालाडकडचा चाकरमानी गणपतीला रात्रीच्या गाडीत बसतो आणि उजाडल्यावर इकडे उतरतो. कोकण रेल्वेने आल्यास सावंतवाडी रोड स्थानक शहराबाहेर मळगावात, पुढे रिक्षाची घासाघीस. लॉजवर ‘तळ्याकडची’ म्हणून मिळालेली खोली बऱ्याचदा मागच्या बोळाकडे उघडते. नरेंद्र डोंगर, बाग वगैरे एका संध्याकाळी उरकते. खरा वेळ द्यावा तो राजवाड्यातल्या दरबार हॉलला.

तिथे चितारी मांडी घालून गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवत असतात. वाटोळे पान, चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांनी घोटलेला पाया, बारीक कुंचल्याने काढलेला मत्स्य किंवा कूर्म, वर लाखेचा मुलामा. दशावतारी संचात १२० पाने. हा खेळ मुळातच इथला, असे अभिमानाने सांगितले जाते. ते पटत नाही. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा धाडल्याची नोंद आहे. मुघली संचात आठ रंग, दशावतारीत दहा. पण दोन्हीकडे प्रत्येक रंगाला राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बाराच पाने. सांगाडा आयता घेऊन त्यावर अवतार बसवले, हेच अधिक संभवते. त्याने चिताऱ्यांचे श्रेय उणावत नाही.

कला मोडीत निघत होती, तेव्हा राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच तिला जागा दिली. आता संच विकत घेणारे बहुतेक तो चौकटीत लावतात, खेळणारा विरळा. चितार आळीत मात्र गिऱ्हाईक लाकडी केळी-आंब्यांचे असते, आणि भाव करायला वाव असतो.